सरासरी वीस मिनिटं

रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात तिला सगळे फोनताई म्हणत. कक्ष म्हणजे एक लहानशी खोली. दोन टेलिफोन, भिंतभर नकाशा आणि फिरण्यापेक्षा कुरकुरण्याचं कामच जास्त करणारा एक पंखा. बदली कामगार म्हणून ती तिथं आली आणि तिथलीच झाली. समोरचा माणूस कितीही घाबरलेला असो, तिचं “हं, बोला, मी ऐकतेय” कानावर पडलं की त्याच्या जिवात जीव यायचा. घरचा फोन उचलतानाही तिच्या तोंडून आधी “पत्ता सांगा” निघायचं. मग पलीकडून सासूबाई म्हणायच्या, “अगं, तुझाच पत्ता. येताना दूध आण.”

आकड्यांशी मात्र तिचं कधी सूत जुळलं नव्हतं. त्यामुळे अधीक्षक साहेबांनी एके सकाळी बोलावून सरासरी काढायला सांगितली, तेव्हा तिनं आधी दुसऱ्या कुणाचं तरी नाव सुचवून पाहिलं.

“लोक विचारतात, गाडी किती वेळात येईल,” साहेब म्हणाले. “आपल्याकडून प्रत्येक जण मनाला येईल ते सांगतो. गेल्या वर्षाच्या सगळ्या फेऱ्यांच्या वेळांची बेरीज करा, फेऱ्यांच्या संख्येनं भागा. जे येईल ते सगळ्यांनी सांगायचं.”

उत्तर आलं वीस मिनिटं. गोल, सुटसुटीत आकडा. ताईला हायसं वाटलं. त्या दिवसापासून जो विचारेल त्याला ती विश्वासानं सांगू लागली, “वीस मिनिटांत येईल.”

आणि एके दुपारी एक बाई कक्षाच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या नवऱ्याच्या छातीत दुखत होतं, तेव्हा तिनं फोन केला होता. शेजारी जीप काढून दारात उभा होता. पण वीसच मिनिटांचा प्रश्न आहे, रुग्णवाहिकेत ऑक्सिजन असतो, असा विचार करून तिनं त्याला परत पाठवलं. गाडी यायला पस्तीस मिनिटं लागली. नवरा वाचला होता, वॉर्डात होता. बाई आरडाओरडा करायला आली नव्हती.

“तुमचा आकडा खोटा होता का?” तिनं विचारलं.

“नाही हो. खरा होता. मीच काढला होता.”

“मग माझं काय चुकलं?”

ताईनं खुर्ची पुढं केली. बाई न बसताच वॉर्डाकडे परत गेली.

हे सगळं ऐकत बसलेले सगळ्यात जुने ड्रायव्हर, काका, डोकं खाजवत म्हणाले, “ताई, इतकी वर्षं गाडी हाकतोय, पण बरोबर वीस मिनिटांनी कुठं पोचल्याचं मला आठवत नाही. एक तर बसलो न बसलो तोच पोचतो, नाहीतर वाटेतच अडकतो.”

त्या रविवारी ताई आलेखाचा कागद घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. पाच-पाच मिनिटांचे रकाने पाडले आणि दर फेरीमागे एक चौकोन, असे एकावर एक रंगवत गेली. प्रशिक्षणात दाखवलेल्या चित्रात मधोमध एक छान टेकडी होती. तिच्या कागदावर दोन उगवल्या. एक दहाच्या आसपास, दुसरी पस्तिसाच्या. आणि जिथं सरासरी, त्या विसावर खड्डा! आपलंच कुठंतरी गणित फसलं म्हणून तिनं नवा कागद घेतला. पुन्हा तेच. शेगडीवरची भाजी करपली ती वेगळीच.

ताईचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्यानं चष्मा कपाळावर चढवून कागद पाहिला. “रकाने बारीक झालेत. मोठे पाड की.”

तिनं मोठे पाडले. दोन टेकड्या विरघळून एक ऐसपैस डोंगर झाला. आकडे तेच, हात तोच, चित्रं दोन. आता खरं कुठलं मानायचं?

तिची नणंद कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. ती घरी आली तेव्हा ताईनं दोन्ही कागद तिच्यापुढं टाकले.

“वहिनी, तुझं काही चुकलं नाही,” नणंद म्हणाली. “मोठ्या रकान्यांत खड्डा बुजून गेला, एवढंच. आता असं कर, सगळ्या फेऱ्या लहान वेळेपासून मोठ्या वेळेपर्यंत रांगेत लाव आणि बरोबर मधली बघ.”

मधली निघाली तेरा मिनिटांची.

“म्हणजे वीस खोटे?”

“नाही. वीसही खरे, तेराही खरे.”

“अगं, मग फोनवर मी सांगू काय?”

नणंद हसली. “दोन टेकड्या दिसतात म्हणजे बहुधा दोन वेगळ्या गोष्टी एका टोपलीत पडल्यात. त्या कुठल्या, ते मला इथं बसून कळणार नाही.”

ताईनं दिवसाच्या आणि रात्रीच्या फेऱ्या वेगळ्या करून पाहिल्या. टेकड्या दोनच. ड्रायव्हरांप्रमाणे वाटून पाहिल्या. तरीही दोनच. वैतागून ती कक्षातल्या नकाशापुढं उभी राहिली, तेव्हा तिची नजर नदीवर गेली. सगळ्या गाड्या नदीच्या अलीकडे उभ्या, आणि पलीकडे जायला एकच अरुंद पूल. पुलाच्या दोन बाजूंच्या फेऱ्या वेगवेगळ्या केल्या, आणि एकेक टेकडी आपापल्या कागदावर निमूट जाऊन बसली.

साहेबांनी दोन्ही कागद उलटसुलट करून पाहिले. “माझ्या डोक्यात हे कसं आलं नाही?” असं स्वतःशीच पुटपुटले. वीसचा आकडा त्यांनी त्याच दिवशी बंद केला. आधी पुलाची कुठली बाजू ते विचारायचं, मग बहुतेकदा इतक्यापासून इतक्या मिनिटांपर्यंत लागतात असं सांगायचं, असं ठरलं. शिवाय एक गाडी पुलापलीकडे शाळेच्या मैदानाशी उभी राहू लागली.

काही महिन्यांनी ताईनं पुन्हा आलेख काढला. टेकड्या एकमेकींकडे सरकल्या होत्या. पलीकडच्यांचे पस्तीस चोविसावर आले होते. पण अलीकडची एक गाडी कमी झाल्यानं इकडचे दहा सोळावर गेले होते. सरासरी एकोणीस.

मुख्य कार्यालयातून फोन आला. साहेबांनी रिसीव्हर सरळ ताईच्या हातात दिला.

“एवढी धावपळ करून एक मिनिट वाचलं?” पलीकडचा आवाज म्हणाला.

“सरासरीत एकच, साहेब.”

“मग फरक कशात पडला?”

वेळा किती विखुरलेल्या आहेत यासाठी नणंदेनं एक शब्द सांगितला होता, तो ऐनवेळी पळाला. “आता कुणालाच फार ताटकळावं लागत नाही,” ती म्हणाली. आणि लपवणं जमेना म्हणून पुढं म्हणाली, “पण अलीकडच्यांना पूर्वीपेक्षा जास्त थांबावं लागतं.”

“म्हणजे सुधारलं की बिघडलं?”

“ते मला एका शब्दात सांगता येत नाही हो.”

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला. मग, “असू द्या गाडी तिथंच. आणखी एक मागून बघतो. मिळेलच असं नाही.”

ताईनं रिसीव्हर ठेवला. पुलापलीकडच्या कितीजणांचा जीव आता भांड्यात पडत असेल, हे तिला दिसत होतं. अलीकडे कुणीतरी सहा मिनिटं जास्त दाराकडे डोळे लावून बसलं असेल, तेही दिसत होतं. अलीकडच्याचे सहा काढून पलीकडच्याला द्यायचा हक्क आपल्याला कुणी दिला, हे मात्र तिला काही केल्या उमगेना.