तिसरा रुग्ण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, संपादकांनाही नाही. आज सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही — ते होणारही नाही.

मी सांगलीत आरोग्याच्या बातम्या करतो. उन्हाधुळीत राबणाऱ्यांच्या डोळ्यात मांस वाढतं आणि बुबुळावर सरकतं. ते काढलं की उघड्या जागी त्याच डोळ्यातला पातळ पापुद्रा बसवतात. तो धरून ठेवायचा कशानं? टाके घट्ट, पण टोचत राहतात. वैद्यकीय गोंद झटपट, पण महाग. तिसरी रीत — जखमेतलंच रक्त गोठू द्यायचं, तेच पापुद्रा धरतं. अट एकच: पहिले काही दिवस डोळा झाकून स्वस्थ पडायचं.

या तिन्हींची तुलना मी लिहीत होतो. टाक्यांचा रुग्ण मिळाला, गोंदाचा मिळाला. रक्ताचा मिळेना. तेवढ्यात जतहून मामा आले. मेंढरं राखणारे, आणि दुखणं नेमकं हेच.

त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे परत धुळीत जातील, टाकेच घालू. मी म्हणालो, रक्ताचीच रीत करा, माझ्याकडे राहतील.

राहतील? मला पक्कं ठाऊक होतं, राहणार नाहीत. मेंढ्या व्यायला आल्या होत्या. दवाखान्यात जातानाच रिक्षात मामांनी बजावलं होतं, "उद्या मला एष्टीत बसव. मेंढरं काय तुझी डाक्टरीण राखणार हाय व्हय?" मी हसलो होतो. बाईंना यातलं काही सांगितलं नाही. मामांनाही "जरा जपा" एवढंच म्हणालो.

शस्त्रक्रिया माझ्या म्हणण्याप्रमाणे झाली. दुसऱ्या दिवशी डोळा तपासून झाला, मी फोटो काढला आणि त्यांना जतच्या गाडीत बसवलं. बातमी छापून आली. त्याच आठवड्यात पापुद्रा सरकला. पुन्हा शस्त्रक्रिया, या वेळी टाके. बुबुळावर डाग राहिला तो राहिलाच. त्या डोळ्याला आता कोकरूही धूसर दिसतं.

बाईंनी विचारलं, हे राहिले का नाहीत? मी म्हणालो, न सांगता निघून गेले.

मामा शेजारीच बसले होते. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "व्हय बाई," ते म्हणाले, "भाच्याचं मीच ऐकलं न्हाई."

आता कुणी म्हणेल, ती रीतच वाईट. का म्हणून? स्वस्थ पडणाऱ्यांना ती चालते. बातमीतलं एकही वाक्य मी मागं घेणार नाही. मामांना अडाणी म्हणाल, तर तेही ऐकून घेणार नाही. संपादक मागं लागले होते का? नव्हते. दोन रुग्णांवरही बातमी छापली असती. तिसरा मला हवा होता — मला.

मामी आजही चारचौघांत त्यांना हेकट म्हणते, स्वतःच्या हातानं डोळा घालवला म्हणते. मामा मान हलवतात. मी तिथंच असतो, पुढ्यातली भाकरी खात.