पाटीलबाईंचा नाका

"उघडून दाखवा."

एवढंच बोलून पाटीलबाई उजवा हात पुढे करायच्या. तळवा वर, बोटं सरळ. तो हात पुढे आला की समोरचा माणूस आपोआप पिशवीची गाठ सोडायला लागायचा, मग तो पाहुणा असो, चुलता असो की सरपंचांचा मेहुणा.

टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात इंदापूर तालुक्यातल्या बऱ्याच गावांनी आपले रस्ते स्वतःच बंद केले होते. तुम्हीही असे नाके पाहिले असतील. कुठं बाभळीच्या फांद्या, कुठं दगड. वालचंदनगरच्या पलीकडच्या या गावानं ऊस वाहायची रिकामी ट्रॉली रस्त्यात आडवी लावली होती. तिच्या कडेला मोटारसायकल जाईल एवढी फट, फटीवर बांबू आणि बांबूशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत पाटीलबाई. त्या गावच्या पोलीस पाटील होत्या. वय चाळिशीच्या आसपास, साडीवर पुरुषी जर्किन, पायात बूट, गळ्यात शिट्टी.

मी तालुक्याच्या बातम्या देणारा पत्रकार. गळ्यात पास होता. तो मी दाखवला.

"ह्यो कागद तुमचा. पिशवीत काय हाय?"

"जेवणाचा डबा."

"मग लाजता कशाला? उघडून दाखवा."

डब्यात पोळी आणि मेथी होती. त्यांनी वाकून पाहिलं. "वहिनी मीठ जास्त टाकत्यात वाटतं, भाजी काळी पडलीय," म्हणाल्या आणि बांबू उचलला.

पुढच्या दोन महिन्यांत मी त्या नाक्यावर आठ-दहा वेळा गेलो. दरवेळी काही ना काही उघडलेलं दिसायचं. सत्तरीच्या एका तात्यांच्या भाकरीच्या फडक्यात तंबाखूच्या पुड्या निघाल्या. "तात्या, कालवणाच्या जागी ह्येच खाता का?" तात्या म्हणाले, "बाई, जन्माला आलीस तवा मीच पेढे वाटलं हुतं." पाटीलबाईंनी दोन पुड्या परत दिल्या, बाकीच्या शेजारच्या पाटात सोडल्या. सासुरवाडीला निघालेल्या एका जावयाचा मटणाचा डबा त्यांनी उघडायला लावला आणि लगेच बंद करायला सांगितला. पहाऱ्यावरच्या पोरांचं कामात लक्ष राहीना.

गावाला वाटायचं, बाई आजाराला घाबरतात. तसं नव्हतं. खरं कारण त्यांनी मला तिसऱ्या भेटीत सांगितलं, पेपरात न देण्याच्या बोलीवर.

त्यांना एक धाकटा भाऊ होता, तेवीस वर्षांचा. आईवडील लवकर गेले. नवरा वारल्यावर बाई माहेरी परतल्या आणि त्यांनीच भावाला वाढवला. त्याला पोलीस करायचा, हा त्यांचाच हट्ट. म्हणून बारामतीच्या एका भरती अकॅडमीत घातला. वर्षभरात त्याची धाव वाढली आणि झोप गेली. एकदा धुवायला काढलेल्या पँटच्या खिशात बाईंना इंजेक्शनच्या दोन मोकळ्या बाटल्या सापडल्या.

ते इंजेक्शन खरं तर ऑपरेशनच्या वेळी रुग्णाचा रक्तदाब उतरला तर देतात. भरतीच्या पोरांत ते दमासाठी पसरलं होतं. घेतल्यावर थकवा कळत नाही. पाय थांबले तरी छाती धावत राहते. पुढे पुढे पळायलाच नव्हे, नुसतं उठून बसायलाही ते लागतं.

"सगळं बंद झालं ना, मला बरं वाटलं," पाटीलबाई म्हणाल्या. "लोक मेणबत्त्या लावत हुते कोरोना जावा म्हणून. मी लावली ती हे बंद अजून महिनाभर राहावं म्हणून. पाप लागंल मला. पण साहेब, ह्याला घरात कोंडायला दुसरं कोण येणार हुतं?"

नाका एका माणसासाठी होता. बाकीचं गाव त्यात आयतं सुरक्षित झालं.

सुरुवातीचे वीस दिवस भाऊ अंथरुणावर होता. चिडायचा, घाम यायचा, भांडी फेकायचा. मग जेवायला लागला. एका सकाळी मी गेलो तेव्हा पाटीलबाई खुर्चीत न बसता उभ्याच होत्या.

"काल तीन भाकरी खाल्ल्या त्यानं. आन आज पळाया गेला! उसातल्या वाटंनं. मी हाक न मारता उठला." एवढ्या आनंदात मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

इकडे इंजेक्शन विकणाऱ्यांचं काय झालं होतं, ते मला पोलिसांकडून आणि पुढे काही पोरांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. अकॅडमी बंद झाल्यावर त्यांचं गिऱ्हाईक एका दिवसात वीस-पंचवीस गावांत पांगलं. पूर्वी पोरं बारामतीत मैदानामागे येऊन घेऊन जायची. आता पोरं निघू शकत नव्हती, म्हणून माल निघाला. टाळेबंदीत रस्त्यावर तीन गोष्टींना कोणी अडवत नव्हतं: दूध, चारा आणि औषध. त्यांनी औषध निवडलं. माणूसही निवडला. जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम केलेला, मोटारसायकलवर गावोगाव फिरणारा. पदवी नव्हती, पण गावं त्याला डॉक्टरच म्हणत.

त्याच्या गाडीला मागे बर्फाचा डबा असायचा, लाळ्या-खुरकूताच्या लसीचा. आणि तोच एक डबा पाटीलबाई उघडायला सांगत नसत.

त्याला कारण होतं. आदल्या वर्षी गावात लसीकरण झालं, तेव्हा सरकारी डॉक्टरांनी त्यांना मदतीला घेतलं होतं. झाकण वारंवार उघडलं की गारवा जातो आणि लस निकामी होते, हे त्यांनी तेव्हा शिकून घेतलं आणि गावाला शिकवलं. घरटी दोन-तीन दुभती जनावरं असलेल्या त्या गावात हे ज्ञान लहान नव्हतं. एकदा पहाऱ्यावरचा पोरगा डब्याला हात लावायला गेला, तर बाई ओरडल्या, "आरं, लस हाय ती! उन्हात उघडतो व्हय? सोड त्यास्नी." डॉक्टर हसून नमस्कार करून आत गेला. मी तिथेच होतो. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

मे महिन्यात एका दुपारी त्या जेवायला घरी गेल्या, तर डॉक्टरची गाडी गोठ्यापाशी उभी. भाऊ गाय धरून उभा. "लस दिली तिला," भाऊ म्हणाला.

बाईंनी गाईकडे पाहिलं. याच गाईला याच डॉक्टरनं तीन आठवड्यांमागे लस दिली होती, तेव्हाही भावानंच धरली होती. ही लस सहा महिन्यांतून एकदा देतात. आपल्या गोठ्याचा असा हिशेब बाईला सांगावा लागत नाही.

"डॉक्टर, डबा उघडून दाखवा."

"ताई, गारवा जाईल."

"जाऊंद्या."

वर लसीच्या दोन बाटल्या होत्या. खाली बर्फात, भावाच्या पँटच्या खिशात सापडल्या होत्या तशाच बाटल्या, भरलेल्या. भाऊ उसातल्या वाटेनं पळायला लागला होता, तो आठवडा डॉक्टरच्या पहिल्या फेरीचा होता.

त्यांनी गोठ्याचं दार बाहेरून लावलं आणि पोलिसांना फोन केला. भावाचं नावही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मी पोलीस पाटील हाय. अर्धं सांगू का?"

डॉक्टरला नेलं. ते औषध अमली पदार्थांत मोडत नाही, असं मला ठाण्यात सांगण्यात आलं. विनापरवाना औषधविक्रीचं किरकोळ प्रकरण झालं. तो दहा दिवसांत सुटला, पण या गावाकडे फिरकला नाही. दुसराही कोणी आला नाही.

मग गाव पाटीलबाईंवर उलटलं. जनावराला ताप आला तरी कोणी येईना. सरकारी डॉक्टर एकटा आणि गावं पंधरा. तंबाखूवाल्या तात्यांची गाय विताना अडली आणि डॉक्टर पोचेपर्यंत वासरासकट गेली. दुसऱ्या दिवशी तात्या नाक्यावर आले. मी तिथे होतो. ते ओरडले नाहीत.

"पाटीलबाई, भाऊ सुधारला का तुमचा?"

त्यांनी बांबू उचलून वाट मोकळी केली.

"न्हाय, सुधारला आसंल तर माझी गाय कामी आली म्हणायची. म्हणून इचारलं."

भाऊ सुधारला नव्हता. पंधरा दिवस पुन्हा अंथरूण, पुन्हा भांडी. मग बंदी शिथिल झाली, कुरियरच्या गाड्या सुरू झाल्या आणि त्याच्या नावानं खोकी यायला लागली. वर प्रोटीन पावडरचं चित्र. पूर्वी गिऱ्हाईक विकणाऱ्याकडे जायचं. टाळेबंदीत विकणारा दारात यायला शिकला. टाळेबंदी उठली, शिकलेलं राहिलं. ट्रॉली गाळपाच्या हंगामाला परत गेली आणि पाटीलबाईंनी राजीनामा दिला. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' असं लिहिलं होतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते दोन वर्षांनी, बारामतीतल्या एका मैदानावर. भरतीच्या पोरांची सराव चाचणी होती. घरच्यांनाही बोलावलं होतं. सोळाशे मीटरची धाव सुरू व्हायची होती. बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. बारीक झाल्या होत्या.

"त्यो टी-शर्ट बघा," त्या म्हणाल्या.

उन्हाळ्यातले नऊ वाजले होते. बाकीची पोरं बनियनवर होती. भावाच्या अंगात मनगटापर्यंत बाह्या.

"विचारलं का त्याला?"

"रोज इचारते. थंडी वाजती म्हणतो."

"दवाखान्यात?"

"दोनदा ठिवला. दोनदा भिंतीवरनं आला."

"मग पळू कशाला देता?"

"माझ्या न्हाय म्हणण्यानं थांबतो व्हय? पळताना निदान डोळ्यापुढं असतो."

शिट्टी झाली. दुसऱ्या फेरीतच तो बाकीच्यांपासून सुटला. तो दमत नव्हता. पोरं ओरडून त्याचं नाव घेत होती. पाटीलबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. ओठ हलत होते. आधी वाटलं, देवाचं नाव घेत असतील. नीट ऐकलं तर त्या "पड, पड" म्हणत होत्या.

तो पडला नाही. पहिला आला, बरंच अंतर ठेवून. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. प्रशिक्षक मला म्हणाले, "फोटो घ्या साहेब. आणि ताईंना बोलवा, त्यांनीच घडवलाय ह्याला!"

मी शेजारी पाहिलं. त्या फाटकाबाहेर पडून एसटी स्टँडच्या रस्त्याला लागल्या होत्या. मी हाक मारली नाही.

पोरं फोटोसाठी ओळीत उभी राहिली. ताई येतील म्हणून भावाच्या डाव्या हाताला एका माणसापुरती जागा सोडली होती. थोडा वेळ सगळे थांबले. मग मी फोटो काढला. ती जागा फोटोत तशीच आहे.