शेऱ्याचा रकाना

वाशीमच्या एका कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवते. खेड्यातल्या घरात बाईचं कितपत चालतं, हा विषय मी पीएचडीला घेतला तेव्हा मार्गदर्शक सरांनी एवढंच विचारलं, ‘‘डेटा कुठं आहे?’’ त्या दिवसापासून मी हात धुऊन डेटाच्या मागे लागले. देशभरातल्या मोठ्या पाहण्यांचे आकडे जिल्ह्यापर्यंत यायचे आणि तिथंच थांबायचे. जनगणनेत घरं मोजलेली, नळ मोजलेले, संडास मोजलेले. घराच्या आत कोण कोणाला काय बोलतं ते मोजायला कोण जाणार? एका कार्यालयात दोन तास बसवून साहेबांनी मोठ्या प्रेमानं एक पुस्तिका हातात ठेवली, ती पाऊस आणि पेरणीची निघाली. मी मनातल्या मनात त्यांचा उद्धार केला आणि आभार मानून बाहेर पडले.

आणि मग एका दुपारी एका संशोधन संस्थेच्या संकेतस्थळावर, जुन्या सर्वेक्षणांच्या यादीत, मला हवं ते सापडलं. नुसतं हवं तेच नाही, तर ते माझंच होतं. एमए झाल्यावर नोकरी नव्हती तेव्हा मी ज्या सर्वेक्षणात प्रश्नावल्या भरत फिरले होते, ते सर्वेक्षण. प्रत्येक घर एका ओळीत, गावनिहाय, कोणालाही उतरवून घेता येईल असं. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या, स्टाफरूममधल्यांना वाटलं माझा पगार वाढला.

उतावळेपणा हा माझा जुना रोग. फाइल नीट पाहिलीही नव्हती, तरी दुसऱ्या दिवशी मी तिची लिंक द्वितीय वर्षाच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकली. प्रकल्प दिला: आपापला तालुका शोधा, आपल्या भागातल्या घरांबद्दल काय दिसतं ते दोन पानांत लिहा. वर फुशारकी मारली, ‘‘मानोरा तालुक्यातली गावं मी स्वतः पायी फिरले आहे. त्यातले फॉर्म माझ्या हातचे आहेत.’’ पोरं कौतुकानं बघत होती. मला फार बरं वाटलं, हे कबूल करते.

पुढच्या रविवारी मी फाइल घेऊन निवांत बसले. नावाचा रकाना काढून टाकलेला होता. फोन नंबर काढलेले होते. जात, वय, शेती, शिक्षण यांचे नुसते सांकेतिक अंक. संस्थेनं काम चोख केलंय असं म्हणत मी उजवीकडे सरकत गेले, सरकत गेले, आणि अगदी शेवटच्या रकान्याशी आले. त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं: शेरा.

हा शेरा काय असतो ते सांगायला हवं. खेड्यात घरांना नंबर असले तरी ते कोणाला माहीत नसतात. एखाद्या घरी पुन्हा जायचं असेल तर त्या घराची खूण आम्ही फॉर्मच्या खाली, शेऱ्यात लिहून ठेवायचो. इतर मुली दोन शब्द लिहायच्या. मी मात्र सविस्तर लिहायची, आणि आमच्या पर्यवेक्षक बाई सगळ्यांसमोर माझा फॉर्म वर धरून दाखवायच्या, ‘‘शेरा असा पाहिजे.’’ पुढे कोणीतरी ते सगळे फॉर्म इमानेइतबारे टाइप केले, खालच्या शेऱ्यासकट. नाव लपवायचं हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. घराची वाट उघडी राहिली, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

मानोरा तालुक्यात, इंझोरीच्या अलीकडच्या एका गावाच्या ओळीत माझंच वाक्य होतं: ‘सासूसमोर नाही म्हणाली. मग परसात नेऊन सांगितलं, मारतो, लाकडानेही. बुधवारी नवरा बाजाराला जातो तेव्हा पुन्हा येणे. चक्कीच्या मागचं घर, दारात शेवगा.’

ती बाई मला लख्ख आठवली. ओसरीवर सासू तांदूळ निवडत होती तोवर ती प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत होती. मी निघाले तशी परसातून हाक आली, ‘‘पोरी, इकडं ये. मघा मी खोटं सांगतलं.’’ मग तिनं बाही वर करून दाखवलं. आणि विचारलं, ‘‘हे कोणाले समजन तं नाही न?’’ मी तिला आईची शपथ घेऊन सांगितलं, नाही समजणार.

त्याच दुपारी मी ग्रुपवरची लिंक काढली. संस्थेला मेल केला. नावं गाळलेली आहेत, नियमांचं पालन झालेलं आहे, असं छापील उत्तर आलं. मी दुसरा मेल केला, त्यात जरा तोंड सोडलं. आठवड्यानं रकाना गेला. पण ज्यांनी फाइल आधी उतरवून घेतली होती त्यांच्या मोबाइलमधून तो कोण काढणार? वर्गात मी सगळ्यांना फाइल पुसायला सांगितलं. काहून, असं कोणी विचारलं नाही. एक मुलगी तेवढी तास संपल्यावर टेबलाशी येऊन उभी राहिली. मानोऱ्याकडून रोज बसनं येणारी, पहिल्या बाकावर बसणारी, अभ्यासू पोरगी.

‘‘मॅडम, चक्कीच्या मागं शेवगा एकाच घरी हाय,’’ ती म्हणाली. ‘‘माह्या मोठ्या आईच्या.’’ मोठी आई म्हणजे तिच्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको.

मी विचारलं, ‘‘तू कोणाला बोललीस?’’

‘‘मले वाटलं, आपलं गाव नेटवर आलं. मी घरी सगळ्यायले वाचून दाखवून राह्यली होती. शेवटची ओळ वाचेपर्यंत मलेच समजलं नाही का काय वाचून राह्यली म्हणून.’’ ती रडायला लागली.

‘‘मोठे बाबा होते का तिथं?’’

‘‘होते न.’’

‘‘काय म्हणाले?’’

‘‘काहीच नाही. जेवण पुरं केलं. हात धुतले. मंग इचारलं, हे लिवणारी मॅडम कोण? मी तुमचं सांगतलं.’’

काही न बोलता जेवण पुरं करणारा माणूस. त्यानं आरडाओरडा केला असता तर मला इतकी भीती वाटली नसती. चार दिवसांनी त्याच मुलीनं निरोप आणला, ‘‘मोठे बाबा म्हणतात, मॅडमले एकदा चहाले आण. आन् तो कोरा फॉर्म असन तं घेऊन या म्हणा.’’

मोठी आई कशी आहे, असं मी विचारलं. ती म्हणाली, ‘‘मले त्यायच्या घरी जाऊ देत नाहीत आता.’’

जावं की नाही यात मी तीन दिवस घालवले. पोलिसांकडे जावं तर बाईनं तक्रार केलेली नाही, आणि माझ्या जाण्यानंच तिच्यावर आणखी काही ओढवेल. न जावं तर ती तिथं एकटी. शेवटी मी एक खोटं रचलं: चूक माझी झाली, दुसऱ्या घरचा शेरा तुमच्या फॉर्मवर पडला. बसमध्ये मी ते वाक्य घोकत होते. पिशवीत जुन्या गठ्ठ्यातला एक कोरा फॉर्म होता. तो पाहून माणूस शांत होत असेल तर होऊ दे, असा माझा हिशेब.

चक्कीच्या मागे गेले तर घर ओळखू येईना. दारात शेवगा नव्हता. जमिनीलगत कापलेला बुंधा होता, अजून ओला. तो माणूस बाहेरच उभा होता. स्वच्छ पांढरा सदरा, हात जोडलेले.

‘‘या मॅडम. घर सापडलं न? आता बाकी कोणाले सापडणार नाही.’’

आत सतरंजी अंथरलेली होती. बाई चहा घेऊन आली. इतक्या वर्षांत ती निम्मी झाली होती. पदर दोन्ही खांद्यांवरून मनगटापर्यंत ओढलेला, एप्रिलच्या उकाड्यात. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. कप ठेवून भिंतीला टेकून बसली. तो दाराच्या आणि तिच्या मधोमध बसला.

मी माझं घोकलेलं वाक्य बोलले. चूक माझी, फॉर्म अदलाबदल झाले, ते दुसऱ्या घरचं होतं.

त्यानं मान डोलावली. ‘‘असं व्हय? होते चूक. मंग ते दुसरं घर कोणतं?’’

याचा विचार मी केलाच नव्हता. शेजारी त्याच्या चुलतभावाचं घर, पलीकडे आणखी दोन. ज्याचं नाव घेईन त्या घरातल्या बाईचं काय होईल? मी म्हणाले, आठवत नाही.

‘‘नाही आठवत तं जाऊ द्या,’’ तो म्हणाला. आवाज अगदी मऊ होता. ‘‘तुमी शिकलेल्या. तुमाले कायले दोष द्यायचा? फॉर्म आणला न? आता बरोबर भरा. माह्या समोर इचारा.’’

मी बाईकडे पाहिलं. तिची मान इतकी बारीक हलली की तो माझा भासही असेल. ‘विचार मला’ असा तिचा अर्थ मी घेतला. मी पेन काढलं.

मी एकेक प्रश्न वाचत गेले. माहेरी जायला परवानगी घ्यावी लागते का? नाही. नवरा घालूनपाडून बोलतो का? नाही. कधी हात उगारला का? नाही. कधी एखाद्या वस्तूनं मारलं का? ती थांबली. तो तिच्याकडे बघतही नव्हता, फॉर्मकडे बघत होता. ‘‘नाही,’’ ती म्हणाली. मी प्रत्येक चौकटीत नाही लिहीत गेले. याच कामाचं मला एके काळी कौतुक झालं होतं. मला स्वतःची किळस आली, आणि तरी माझं अक्षर सुबक येत होतं.

प्रश्न संपले. तो पुढे सरकला, फॉर्म स्वतःकडे फिरवला आणि वरपासून खालपर्यंत बोट ठेवून वाचला. तळाशी एक चौकट कोरी राहिली होती. ती उत्तर देणाऱ्या बाईसाठी नसते, प्रश्न विचारणारीनं स्वतः भरायची असते.

‘‘हे काय हाय?’’ त्यानं विचारलं.

मी वाचून दाखवलं: मुलाखतीच्या वेळी दुसरं कोणी हजर होतं का? इथं ‘नवरा’ असं लिहिलं की वरची सगळी ‘नाही’ कोणी खरी धरत नाही.

त्यानं फॉर्म पुन्हा माझ्याकडे सरकवला. ‘‘लिवा, कोणीच नव्हतं.’’

बाईनं पहिल्यांदाच मान वर केली आणि माझ्या पेनाकडे पाहत राहिली. मी लिहिलं, कोणी नव्हतं. आणि खाली सही केली.