खिरीचं बोट

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. सांगायला बसले की मी आधी माझ्या कामाबद्दलच बोलू लागते — आत्ताही तेच करणार बहुतेक.

मी पोटाच्या विषाणूंवर संशोधन करते. जुलाब-उलट्या घडवणारे विषाणू, आणि त्यांना थोपवणारी आतड्याची प्रतिकारशक्ती. तान्ह्या बाळाचं आतडं अजून शिकत असतं. आईच्या दुधातून मिळेल तेवढाच त्याला आधार. हे मी भाषणांत सांगते. आणखी एक वाक्य दर वेळी सांगते — उलट्या थांबल्या म्हणजे विषाणू गेला असं नाही. बरं वाटू लागल्यावरही माणूस तो इतरांना देत असतो. हात साबणाने धुवा, लहान मुलांपासून लांब राहा. लोक माना डोलावतात.

तर — आमच्या घरी, कुणकेश्वरला, धाकट्या भावाच्या मुलाचं उष्टावण होतं. त्याच आठवड्यात पुण्यात मला उलट्या-जुलाब होऊन गेले होते. गाडीत बसले तेव्हा मी बरी होते. बरी म्हणजे कशी, हे माझ्याइतकं कुणाला कळत होतं? 'येत नाही' असा फोन करता आला असता. गेल्यावरही पोट बिघडलं होतं म्हणून लांब बसता आलं असतं. मग का नाही बसले? मला त्या बाळाची आत्या व्हायचं होतं, एवढंच.

मामाने अंगठीने खीर चाटवली. मग आई म्हणाली, "तू पण चाटव गो, आत्या मा तू!" मी मागच्या नळाखाली हात धरले. नुसते धरले. साबण न्हाणीत होता, आणि सगळे माझ्यासाठी थांबले होते. मी खिरीत बोट बुडवलं. बाळाने ते चोखलं, आणि सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या. त्याच्या पुढच्या सकाळी तो रडत होता, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं. मी त्याच्या टाळूवर हात ठेवला — ती खोल गेली होती. तसाच उचलून तालुक्याच्या दवाखान्यात नेला. सलाईन लावायला नर्सला शीर सापडेना. एवढासा हात, आणि ती पुन्हा पुन्हा टोचत होती.

बाहेर बाकावर आम्ही बसलो होतो. भावाची बायको, शुभदा, भिंतीला टेकून उभी होती. आई तिच्याकडे बघत म्हणाली, "हिणा दुधाची बाटली धड उकळूक नाय." आणि मग माझ्याकडे वळली. "तू येवढा शिकलंस, तूच सांग — बाटलेमुळेच झाला मा ह्या?"

भाऊ माझ्याकडे बघत होता. शुभदाही. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मी — मी तिला बाटली उकळताना पाहिलं होतं. झाकण ठेवून, रटरटा, दर वेळी. चिमट्याने काढून स्वच्छ फडक्यावर ठेवताना पाहिलं होतं.

"असात," मी म्हणाले.

असेल. एवढाच शब्द. शुभदा भिंतीला टेकूनच खाली बसली.

बाळ वाचलं. आता शाळेत जातं, धडधाकट आहे. तेव्हा त्याचे आणि माझे शौचाचे नमुने जुळवून पाहणं मला अवघड नव्हतं. मी पाहिले नाहीत. कशाला पाहणार होते?

भाऊ बरेच महिने शुभदाशी धड बोलत नव्हता. दुसरं मूल नको, असं तिनेच सांगितलं. माझ्या हाती बाळ सुखरूप राहत नाही, म्हणाली. कुणी तिची समजूत घातली नाही. मीही नाही. आजही ती फोन करून मला विचारते — ताई, हे त्याला दिलं तर चालेल?

गेल्या चतुर्थीला शेजारची मुलगी तान्हं बाळ घेऊन आमच्याकडे आली होती. शुभदा तिला बाटली कशी उकळायची ते दाखवत होती. "माझ्या चुकीन माझो झील मराक टेकललो गो," ती म्हणाली. "आमच्या ताईंनीच सांगल्यानी तेव्हा." आणि मी दारात उभी होते, म्हणून तिने दुजोऱ्यासाठी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. होय म्हणून.