फळ्यावरचा दुसरा बाण

गणित शिकवणाऱ्या चौगुलेबाईंची आणि माझी पहिली भेट कुपवाडच्या माझ्या वर्कशॉपात झाली. त्या फाटकाची बिजागरी वेल्ड करून घ्यायला आल्या होत्या. माझं शिक्षण अर्धवट राहिलेलं. पण गणिताची ओढ काही सुटेना. ग्रीसचे डाग पडलेलं एक जुनं पुस्तक टेबलावर उघडं होतं. बाईंनी विचारलं, “काय कळलं ह्यातलं?” मी ऐटीत म्हणालो, “तीन सदिश, म्हणजे दिशा असलेले बाण, घेतले की सगळं अवकाश भरतं.”

बाईंनी वेल्डिंगचे तीन रॉड उचलून टेबलावर आडवे मांडले. “लांब करा, तोडा, उलटे फिरवा, एकाला एक जोडा. ह्यालाच रेषीय संयोग म्हणतात. आता ह्या तिघांनी तो वरचा दिवा गाठून दाखवा.”

मी बराच वेळ डोकं खाजवलं. रॉड काही टेबल सोडून वर जाईनात. मग बाईंनी एक रॉड उभा धरला. “जिथवर पोचता येतं तेवढाच त्यांचा स्पॅन. नुसती गर्दी वाढवून तो वाढत नाही, मिस्त्री.”

त्या दिवसापासून मी दर रविवारी सांगलीत त्यांच्या घरी शिकायला जाऊ लागलो. कारखान्यातली माणसं, कॉलेजची मुलं, म्हसवडचे निवृत्त सुभेदार शिंदे, सगळे एका सतरंजीवर. फी नाही. माझी पत्नी मिरजेला दवाखान्यात होती, तेव्हा बाई रोज डबा घेऊन येत आणि तिच्या खाटेच्या पायथ्याशी बसून राहत. गणिताचा शब्दही काढला नाही. ती गेली, तेव्हाही बाई तिथंच होत्या.

गेली काही वर्षं बाईंची नजर उतरत चालली आहे. बाईंच्या ह्या गौरवग्रंथात हे लिहावं की नाही, असा प्रश्न होता. बाईच म्हणाल्या, “लिहा. खोटं गोड नको.”

तर एका रविवारी बाईंनी फळ्यावर एक बाण काढला. मग दुसरा काढायला गेल्या, तो नेमका पहिल्यावरच पडला. त्यांना दिसलं नाही. “आता ह्या दोघांच्या संयोगानं सगळा फळा आपला,” त्या म्हणाल्या. सगळे गप्प. मीही गप्प.

शिंदेच बोलले, “बाई, दुसरा बाण पैल्यावरच बसलाय. ह्यातनं फळा न्हाई, एक रेघच मिळतीया.”

बाईंनी फळ्याकडं तोंड करूनच विचारलं, “आणखी कुणाला दिसलं होतं?”

मी म्हणालो, “सगळ्यांना. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून...”

“मला वाईट वाटलं असतं, तर मी रडले असते. तुम्ही मात्र चुकीचं घरी घेऊन गेला असता.” त्यांनी खडू ठेवला. “वर्ग बंद.”

पुढच्या रविवारी शिंदे आणि मी गेलो. बाई खिडकी लावून बसल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उरलीय ती नजरही जाणार.

शिंदे म्हणाले, “आवं, खडू आमी धरतो. तुमी नुसतं बोला.”

“आणि बोलण्यात चुकले तर?”

“तर वराडतो की! फौजंत दुसरं काय केलं?”

बाई जरा हसल्या. “एकट्यानं नाही. ज्याला दिसेल त्यानं बोलायचं. कबूल असेल तर या.”

वर्ग पुन्हा सुरू झाला खरा, पण बरेच जण यायचे थांबले. शिंद्यांचे बाण वाकडे पडतात. बाई मधेच थांबून विचारतात, “आहात ना?” आम्ही ‘हो’ म्हणतो. पूर्वी तो आवाज खोलीभर व्हायचा.

बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. दृष्टी परत येवो असं मी लिहिणार नाही. त्या लगेच चूक पकडतील. त्यांना उदंड आयुष्य मिळो, अंगी बळ राहो. आणि त्या चुकल्या, तर तोंडावर सांगणारं कुणीतरी समोर सतरंजीवर नेहमी बसलेलं असो.