टेनंटचं मूळ

एका इंग्रजी शब्दाचं मूळ सांगितल्यामुळे माझ्यावर बेघर व्हायची पाळी आली होती.

२००४च्या सुमाराची गोष्ट. हिंजवडीत नोकरी आणि शेजारच्या माण गावात तात्यांच्या चाळीत भाड्याची खोली, असा आम्हा लातूरकरांचा नवा संसार होता. तीन खोल्या बदलून झाल्यावर ही मिळाली होती, नळाला पाणी असलेली! त्यात बायकोला, सुनंदाला, सातवा महिना. 'आता इथून हलायचं नाही' असा घरात हुकूम होता.

अकरा महिने संपले तसे तात्या नवा करारनामा घेऊन आले. कागद इंग्रजीत. एका शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "सायेब, ह्ये टेनंट म्हंजी काय वो?"

'भाडेकरू' एवढंच सांगितलं असतं तर दोन मिनिटांत सह्या झाल्या असत्या. पण मला शब्दांची मुळं उकरायची खोड. (लग्नाच्या बोलणीत, पंगत बसलेली असताना, मी सासऱ्यांना 'डिनर' म्हणजे मुळात 'उपास सोडणे' हे सांगितलं होतं. ते आजही माझ्यासमोर मुकाट्यानं जेवतात.)

"तात्या, हा मूळचा लॅटिन. धरून ठेवणे. टेनंट म्हणजे ज्यानं जागा धरून ठेवली तो."

तात्यांचा पेनाचा हात थांबला. "धरून म्हंजी? सोडायची न्हाई?"

"छे हो! जमीन कसणाऱ्या कुळालाही कायद्यात टेनंटच म्हणतात," मी धीर दिला.

तात्यांच्या वडलांची नेरे गावाकडची चार एकर जमीन कुळकायद्यात कुळाच्या नावावर गेली होती, हे मला कुठे ठाऊक? तात्या उठले, तडक खोलीमागे गेले आणि मेथीच्या वाफ्यासमोर उभे राहिले.

"ही कुनी लावली?"

"मी," सुनंदा कौतुकानं म्हणाली. "हे तिसरं पीक, तात्या."

"तीन पिकं काढली?" तात्या मटकन ओट्यावर बसले. "जमीन कसाया बी लागलं ह्ये! सायेब, खोली खाली करा."

मी पाऊण तास कूळ आणि भाडेकरू यांतला फरक समजावला. ते ऐकून तर मी अभ्यास करूनच राहायला आलोय, अशी त्यांची खात्री पटली. सुनंदा रडायला लागली. मला माझीच भयंकर लाज वाटली.

शेवटी तात्यांच्या पत्नी, अक्का, आल्या. "रडू नगं गं पोरी, अशा दिसांत." त्यांनी भराभर सगळी मेथी उपटली, अर्धी स्वतःच्या पदरात घेतली, अर्धी सुनंदाच्या हातात दिली. "ही मालकानं दिली. पीक आमचं, तुमी निस्तं पानी घातलं. झालं? आन् त्यो शब्द बदला. पाव्हणा लिवा. पाव्हणा कुटं जमीन बळकावतुया?"

तात्यांना पटलं. मी करारभर 'टेनंट' खोडून 'गेस्ट' लिहिलं. तात्यांनी पेन उघडलं आणि पुन्हा थांबले.

"सायेब, ह्याचं मूळ काय?"

आणि मला ते माहीत होतं! ज्या मुळातून 'गेस्ट' निघाला, त्याच मुळातून लॅटिनमधला 'शत्रू' निघालाय. जीभ नुसती वळवळत होती. मी सुनंदाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती.

"पाहुणा, तात्या," मी म्हणालो. "मुळापासून पाहुणाच."

सही झाली. ते ज्ञान त्या दिवशी गिळलं ते इतकी वर्षं पोटात तसंच होतं. आत्ता सुनंदा बाजारात गेली आहे, म्हणून तुम्हाला तरी सांगून टाकलं.