सासरेबुवांचे इस्त्री केलेले झेंडे

माझे सासरे झेंडे शिवतात. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "हो, पण काम काय करतात?" काम हेच करतात. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर बोटीच्या सामानाचं एक दुकान आहे. खाली दोरखंड, कंदील आणि रंगाचे डबे, आणि कुरकुरणारा जिना चढून गेलं की वर सासरेबुवांची खोली. परक्या बंदरात शिरताना जहाजावर त्या देशाचा झेंडा चढवायचा असा दर्यावरचा शिष्टाचार आहे. त्यामुळे पुढचं बंदर ज्या देशात, त्याचा झेंडा खलाशी इथून शिवून नेतात. बेचाळीस वर्षं हा माणूस त्या खोलीत बसून देशामागून देश शिवतो आहे, आणि स्वतः गावाची वेस ओलांडून कधी कुठे गेलेला नाही.

शिलाई अशी की उसवायला घेतली तर कापड फाटेल पण टाका सुटणार नाही. बाकी व्यवहारात मात्र आनंदीआनंद. त्यांना टोमॅटो आणायला पाठवायचं नाही, हा घरातला नियम आहे. अर्धे हिरवेगार आणतात आणि "चांगले पिकलेत" म्हणून छातीठोकपणे सांगतात. सिग्नलपाशी शेजारचा माणूस निघाला की हे निघतात. आम्ही त्यांची भरपूर थट्टा करायचो आणि तेही खुशाल करू द्यायचे.

सासूबाईंची तऱ्हा वेगळी. त्यांना निळ्याचं वेड. आकाशी, गडद निळं, फिकं निळं, पण निळं. तीन वर्षांपूर्वी माझ्या बायकोनं हौसेनं त्यांच्यासाठी लालचुटुक शाल आणली. "किती गं सुंदर!" म्हणाल्या, गालाला लावली, घडी घातली आणि कपाटात ठेवली ती ठेवलीच. तेव्हापासून महिन्यातून एकदा तरी ती बाहेर निघते. शाल नव्हे, शालीचा विषय.

रोज दुपारी सासूबाई डबा घेऊन दुकानात जायच्या आणि दुकान बंद होईपर्यंत नवऱ्याशेजारी बसायच्या. कापलेले तुकडे एकेक करून त्यांच्या हातात द्यायच्या. या दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नाही, असं आम्ही म्हणायचो. ते किती खरं होतं याची आम्हाला कल्पना नव्हती.

गेल्या महिन्यात मात्र घोटाळा झाला. आयर्लंडला निघालेल्या एका जहाजाचा माणूस झेंडा हातात घेऊनच दुकानात आला. आयर्लंडच्या झेंड्यात काठीकडून हिरवी, पांढरी, नारिंगी अशा तीन उभ्या पट्ट्या असतात. दोरी ओवायचा नेफा हिरव्या पट्टीला लागायला हवा. तो लागला होता नारिंगीला. नेफा या टोकाचा त्या टोकाला गेला आणि आयर्लंडचा आयव्हरी कोस्ट झाला. "आम्ही आफ्रिकेला नाही निघालो," तो माणूस म्हणाला.

दुकानाच्या मालकीणबाई तशा वाईट नाहीत, पण बोलतात ते तोलूनमापून. त्या वर आल्या, झेंडा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "तुमचं वय झालं, मला समजतं. पण आणखी एक चूक झाली तर मी कारखान्यातून छापील झेंडे मागवीन. ही खोली मला गोदामाला हवीच आहे." त्या दिवशी सासरेबुवा घरी आले ते न जेवताच झोपले. ते शिलाई मशीन गेलं तर या माणसाचं काय होईल, हे आम्हाला बोलून दाखवायचीही भीती वाटत होती.

आणि नेमकी तेव्हाच मोठी मागणी आली. आमच्या बंदरात शिडाच्या होड्यांची शर्यत ठरली होती. चोवीस देशांच्या होड्या म्हणजे चोवीस झेंडे, तेही शनिवारपर्यंत. आणि बुधवारी सासूबाईंच्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढायचा होता. तारीख मिळायलाच चार महिने लागले होते, त्यामुळे ती पुढे ढकलायचा प्रश्नच नव्हता.

रविवारी सासरेबुवा माझ्याकडे आले. "जावईबापू, तुमच्या त्या इंटरनेटवर झेंड्यांची चित्रं मिळतात म्हणे."

मी पाणीपुरवठा कार्यालयात दिवसभर संगणकावर बसतो. इंटरनेट म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. "बाबा, अर्ध्या तासात चोवीसच्या चोवीस तुमच्या हातात," मी म्हणालो. असं बोलायचं नसतं, पण मी बोलतो.

अर्ध्या तासात माझ्याकडे तीन झेंडे होते. झेंडा शोधावा तर तो गालावर रंगवलेला, बदामाच्या आकाराचा, चहाच्या कपावर छापलेला, कसाही सापडत होता. नुसता झेंडा म्हणून मिळेना. एका संकेतस्थळावर 'डाउनलोड' लिहिलेली पाच बटणं होती. त्यातल्या चार बटणांनी मला वजन कमी करायचे उपाय दिले. एक चित्र नखाएवढं निघालं. मोठं केलं तर फरशी घातल्यासारखे चौकोन दिसायला लागले. शेवटी दोन तासांनी चोवीस चित्रं जमली, तर सगळ्यांची नावं 'डाउनलोड एक', 'डाउनलोड दोन' अशी. इंडोनेशिया कुठला आणि मोनॅको कुठला हे ठरवण्यात चहा निवला, कारण दोघांचाही वर लाल आणि खाली पांढरा. फरक आहे तो फक्त लांबी-रुंदीत.

मी सगळी चित्रं चकचकीत कागदावर रंगीत छापून ऐटीत नेऊन दिली. सासरेबुवांनी एकेक कागद डोळ्यांजवळ धरून पाहिला.

"हे फडकताहेत."

"हो, छान दिसतात ना?"

"अहो, सुरकुत्यांमधून पट्टी मोजू कशी? तुम्ही सगळे देश वाऱ्यावर सोडलेत. मला इस्त्री केलेले झेंडे पाहिजेत."

मी पुन्हा बसलो. सपाट चित्रं शोधली, पुन्हा छापली, सोमवारी पुन्हा नेऊन दिली. आता निदान एक शाबासकी मिळेल असं वाटलं होतं.

"काळ्या शाईत छापली असती तरी चाललं असतं," सासरेबुवा म्हणाले. "फक्त प्रत्येक पट्टीवर रंगाचं नाव लिहून द्या. ठळक अक्षरात."

"लाल पट्टीवर 'लाल' लिहू?"

"हो. आणि हिरवीवर 'हिरवा'."

मी वडीलधाऱ्यांना उलटून बोलत नाही. घरी येऊन बायकोला बोलतो. "इंद्रधनुष्यावरसुद्धा नावं लिहून मागतील तुझे बाबा!" बायको म्हणाली, "वय झालंय त्यांचं. लिही ना, तुझं काय जातंय?" मग मंगळवारी कार्यालयात, एका कानाला फोन लावून कुठल्या तरी फुटलेल्या नळाची तक्रार ऐकत, मी चोवीस झेंड्यांवर नावं लिहून टाकली.

बुधवारी सासूबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्याचं महिन्याभरानं करायचं ठरलं. आठवडाभर घराबाहेर पडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून गुरुवारी दुपारचा डबा घेऊन मी दुकानात गेलो.

खोलीत कापडाचे ताके भिंतीला टेकून उभे होते. टेबलावर अकरा तयार झेंडे, आणि मशीनवर हंगेरी. समोर खिळ्याला मी दिलेलं हंगेरीचं चित्र अडकवलेलं.

"बाबा, हे उलटं झालं."

"काय उलटं?"

"वर लाल पाहिजे आणि खाली हिरवा. तुम्ही वर हिरवा लावलाय."

त्यांनी कागद काढून माझ्यापुढे धरला. वरच्या पट्टीवर 'हिरवा' लिहिलेलं होतं. अक्षर माझंच. फुटलेला नळ मला तिथेच भोवला होता. पण चूक कबूल करणं माझ्या स्वभावात जरा उशिरा येतं.

"अहो, लिहिताना चुकलं असेल माझं. पण चित्र तर तुमच्या समोर होतं! ढळढळीत लाल आहे की वर!"

त्यांनी चित्राकडे पाहिलं. मग झेंड्याकडे, मग पुन्हा चित्राकडे. आणि अगदी हळू विचारलं, "यातली लाल कोणती?"

मी स्टुलावर बसलो. मला टोमॅटो आठवले, सिग्नल आठवला, काळ्या शाईतली चित्रं आठवली. बारा वर्षं मी या माणसाच्या टोमॅटोंवर विनोद करत आलो होतो. मला स्वतःची लाज वाटली.

"लाल, हिरवा, नारिंगी, तपकिरी," ते म्हणाले, "मला हे सगळे एकाच घरातले दिसतात. लग्नानंतर आठव्या दिवशी हिनं मला पकडलं. तोवर दोन वर्षं माझं अंदाजपंचे चाललं होतं. हात लावा इथे."

त्यांनी माझा हात एका ताक्याच्या काठावर नेला. काठाला दोऱ्याची एक बारीक गाठ होती. शेजारच्या ताक्याला दोन. पुढच्याला तीन.

"लालला एक, हिरव्याला दोन, नारिंगीला तीन. सगळ्या गाठी हिनं मारलेल्या. निळा आणि पिवळा मला तुमच्यासारखाच दिसतो, म्हणून त्यांना गाठ नाही. पण कापलेल्या तुकड्याला कुठली गाठ? तुकडे ती हातात द्यायची. चित्र बघून सांगायचीही तीच. मग तिलाच मोतीबिंदू झाला." ते थोडे हसले. "आयर्लंड आम्ही दोघांनी मिळून बिघडवला."

"मालकीणबाईंना कधीच कळलं नाही?"

"रंग न दिसणाऱ्याला झेंडे कोण शिवू देईल? तुम्ही दिले असते?"

मी दिले नसते.

"कुणाला सांगू नका," ते म्हणाले. "मुलीलासुद्धा नको. नुकतीच कुठे तिनं टोमॅटोबद्दल माफ केलंय."

मी शुक्रवारी रजा टाकली. बायकोला सांगितलं, बाबांना मदत करतो, आणि तिनं माझ्याकडे अशा काही कौतुकानं पाहिलं की मला दुप्पट लाज वाटली. मग आम्ही हंगेरी उसवली. तयार अकरा झेंडे चित्रांशी ताडून पाहिले, ते ठीक होते. उरलेल्या सगळ्या कागदांवरचं माझं अक्षर मी स्वतः तपासलं, तर बल्गेरियाचीही वाट लावून ठेवली होती. तीही दुरुस्त केली. दिवसभर मी सासूबाईंच्या स्टुलावर बसून तुकडे देत गेलो आणि ते शिवत गेले. मध्येच एकदा म्हणाले, "ती इतकं बोलत नाही हो." मग मी गप्प राहून दिले.

शनिवारी सकाळी मालकीणबाई मोबाइल घेऊनच वर आल्या. त्यांनीही झेंड्यांची चित्रं उतरवून घेतली होती, फडकणारी. एकेक झेंडा उचलायचा, चित्राशी ताडून पाहायचा, बाजूला ठेवायचा. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभा होतो. एकोणीस झाले, वीस झाले. मग त्यांनी दोन झेंडे शेजारी शेजारी धरले. दोन्हींत वर-खाली लाल आणि मध्ये पांढरा.

"हे दोन एकच आहेत का हो? सांगा बरं, कुठला कोणाचा?"

मालकीणबाई सासरेबुवांकडेच बघत होत्या, त्यामुळे मला खूणही करता येईना. सासरेबुवा पुढे झाले. त्यांनी दोन्ही झेंड्यांच्या पांढऱ्या पट्टीवर अंगठा आडवा ठेवला.

"ही पट्टी बारीक आहे, म्हणजे हा लॅटव्हिया. याचा लाल गडद असतो, काळसर. तो दुसरा ऑस्ट्रिया. त्याच्या तिन्ही पट्ट्या सारख्या."

मालकीणबाईंनी मोबाइलवर पाहिलं, झेंड्यांवर पाहिलं. "बरोबर," म्हणाल्या. उरलेले दोन झेंडे त्यांनी ताडून न पाहताच घडी घालून ठेवले. जिन्यापर्यंत जाऊन परत वळल्या. "गोदामासाठी मी मागची शेड बघते," असं म्हणाल्या आणि खाली गेल्या. सासरेबुवा मशीनपाशी बसले आणि उगाचच चाकाला तेल देत राहिले.

रविवारी आम्ही सासूबाईंना भेटायला गेलो. काळा चष्मा लावून त्या खिडकीशी बसल्या होत्या. अंगावर अर्थातच निळी शाल. बायको चहा करायला आत गेली, तशा त्या हळूच म्हणाल्या, "यांनी सांगितलं मला. तुम्हाला कळलंय म्हणे."

"हो."

"टाके घालताना फार गप्प असतात, नाही? तुम्हाला कंटाळा आला असेल."

मी म्हणालो, "आई, एक विचारू? ती लाल शाल. इतकी का नावडते तुम्हाला?"

त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "नावडते? अहो, दार लावून कितीदा तरी पांघरून बसले आहे मी. पण बाहेर निघालो आणि बाजाराच्या गर्दीत हात सुटला तर? लाल घातलं की मी त्यांना सापडत नाही."

मी बाहेर पाहिलं. खिडकीपलीकडे सासरेबुवा ओट्यावर पेपर वाचत बसले होते.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरून कुजबुजली, "पुढच्या आठवड्यात आईचा वाढदिवस आहे. शाल बघून ठेवली आहे. मरून घेऊ की हिरवी?"

"निळी घे."

"अरे, दहा निळ्या आहेत तिच्याकडे!"

"मग अकरावी घे."

"तुला ना," बायको वैतागून म्हणाली, "रंगांतलं काही म्हणजे काही कळत नाही."

ओट्यावर सासरेबुवांनी पेपर जरा वर केला. मी मुकाट्यानं चहा प्यायलो.